धुराड्यावरचे पारवे

गावात तिला जपूनकाकू म्हणत, आणि हे नाव तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. कुणी पायरी उतरू लागलं की ‘जपून’, कुणी गरम कप उचलला की ‘जपून’. कुणी लग्न ठरल्याची बातमी घेऊन आलं, तरी अभिनंदनाच्या आधी तिच्या तोंडून ‘जपून हं’ निघायचं, आणि त्या बाबतीत तरी तिचं फारसं चुकत नसे. ताक फुंकून पिणारी माणसं पुष्कळ असतात. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि पुन्हा ओढून बघायला परत यायची.

तिच्या भीतीचं कारण शोधायला गेलेले बरेच जण हात हलवत परतले. लहानपणी ती कुठं पडली नव्हती, बुडाली नव्हती, तिला कुत्रंही चावलं नव्हतं. ‘काही झालं नाही म्हणूनच तर भीती वाटते,’ ती म्हणायची, ‘ज्याचं होऊन गेलं तो सुटला.’ यावर काय बोलणार? लोक हसत आणि आपल्या कामाला लागत.

पण जकातघराच्या मालकीणबाईंनी तिला कामावर ठेवलं ते याच गुणापायी. पुलाच्या तोंडाशी असलेलं ते दगडी घर म्हणजे जुन्या काळचा जकातनाका. पूल ओलांडणाऱ्या गाड्यांना, गुराढोरांना तिथं थांबून पैसे भरावे लागत. नंतर जकात गेली, घर ओस पडलं, गावातल्या पोरांनी त्याच्या भिंतींवर खडूनं स्टम्प काढले. मग शहरातल्या मालकीणबाईंनी ते विकत घेतलं, आतून बाहेरून नीट करून सुट्टीसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांनी यावं, स्वतःचं स्वतः रांधावं, हवं तेवढं राहावं आणि जावं. खाली एकच मोठी खोली, तिच्या कोपऱ्यात ओटा. भिंतीत बसवलेली लोखंडी शेगडी, कोळशावर चालणारी, झाकणाची. वर छपराखाली झोपायची खोली. दाराशेजारी जकात घ्यायची लहानशी खिडकी, तिला अजून जुनीच काच, पलीकडचं माणूस थोडं वाकडं दिसेल अशी. दाराला आतून आडवा लाकडी अडसर. मालकीणबाईंचा या दोन गोष्टींवर फार जीव. ‘काच फुटली तर तशी पुन्हा मिळणार नाही,’ त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. जपूनकाकूंनी ती काच कधी ओल्या फडक्यानं पुसली नाही. श्वास रोखून, कोरड्या कापडाच्या टोकानं पुसायची.

पाहुणे गेले की चादरी काढायच्या, नव्या घालायच्या, भांडी मोजून कपाटात लावायची, न्हाणीघराच्या जाळीतले केस काढायचे, फ्रिजमध्ये कुणी काय विसरलंय ते बघायचं. काम ती झपाट्यानं करायची. वेळ जायचा तो नव्या पाहुण्यांना घर समजावून देण्यात. जिना अरुंद आहे, जपून. गीझरचं पाणी एकदम उकळतं येतं, जपून. पुलाचा कठडा कमी उंचीचा आहे, लेकराचा हात सोडू नका. आत असाल तेव्हा दाराला अडसर घाला, नुसत्या कडीवर राहू नका. पाहुणे सामान हातात धरून माना डोलवत आणि तिची पाठ वळली की एकमेकांकडे बघत.

तिचा नवरा मिस्तरी, छपरं बांधणारा. हा माणूस म्हणजे तिचं उलटं टोक. ओल्या कौलांवरून तो अंगणातून चालावं तसा चालायचा. वरून हाक मारायचा, ‘अगं, बघ, एका पायावर!’ आणि खाली हिचे हातपाय गळायचे. ‘भित्री भागूबाई,’ तो चारचौघांत म्हणायचा, आणि मायेनंच म्हणायचा. पण आयुष्यभर म्हणायचा. तिलाही ते खुपत नसे. किंबहुना घरात एक न घाबरणारं माणूस आहे, याचा तिला मोठा आधार होता. वादळात पत्रा वाजला की ती त्याच्याकडे बघायची. तो घोरत असला, तर पत्रा उडणार नाही.

जकातघराचं छप्परही त्याच्याकडेच. उन्हाळ्यात शेगडी बंद असायची आणि धुराड्यात पाखरं घरटी करायची. म्हणून हिवाळा सरला की तो वर चढून धुराड्यात पेंढ्यानं भरलेलं पोतं कोंबायचा आणि थंडीच्या आधी काढायचा. गावातली जुनी रीत ती. यंदा थंडीच्या तोंडाशी तिनं विचारलं, ‘पोतं काढलंत?’ तो म्हणाला, ‘काढलं.’ तिनं स्वतः जकातघराच्या भिंतीला शिडी लावलेली पाहिली होती. विषय संपला.

खरं तर विषय संपायला नको होता. गेलं वर्षभर मिस्तरी थोडा बदलला होता. घरातल्या जिन्यावरचा दिवा गेला, तर ‘उद्या बघू’ म्हणत त्यानं महिना काढला. कुणी कौलं बदलायला बोलावलं, तर हाताखालच्या माणसांना वर पाठवून हा खालून सूचना द्यायचा. जकातघराच्या खोलीत छताला धुराचा अलार्म होता. तो टोस्ट करपला तरी कोकलतो म्हणून आधीच्या पाहुण्यांनी उतरवून ड्रॉवरमध्ये टाकला होता. तो परत बसवा म्हणून ती मागे लागली, तर म्हणाला, ‘स्क्रू शहरातून आणावे लागतील. आणि धुराडं मोकळं असल्यावर अलार्म कशाला? तू म्हणजे साप म्हणून भुई धोपटतेस.’ तिला वाटलं, वय झालं, आळस चढला. जगातल्या यच्चयावत गोष्टींना भिणाऱ्या या बाईला नवऱ्याच्या आळसाची मात्र भीती वाटली नाही.

त्या दिवशी सकाळी एक जोडपं आलं, बरोबर त्यांची लहान मुलगी. तिला ते छोटी म्हणत होते. पोर बोलघेवडी होती. जकातीच्या खिडकीशी उभी राहून तिनं जपूनकाकूंकडेच जकात मागितली, आणि काकूंनी खिशातलं बटण काढून दिलं. हवा एकाएकी गारठली होती, बारीक पाऊस लागला होता. मोसमातला हा पहिलाच खरा थंड दिवस. ‘शेगडी पेटवता येईल का?’ मुलीच्या बापानं विचारलं. तिनं कोळशाची बादली आणून दिली, काड्या दिल्या, झाकण कसं लावायचं ते दाखवलं. मग जिना, गीझर, कठडा, अडसर, सगळं सांगून ती रस्ता ओलांडून घरी आली. पाहुणे एकदा आत गेले की बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा मालकीणबाईंचा नियम होता.

दुपारी जेवणं झाली. मिस्तरी टेबलाशी चहा घेत बसला होता. ती खिडकीशी भांडी विसळत होती. तिथून जकातघर समोर दिसायचं. दार बंद, वरच्या खोलीचा पडदा ओढलेला. म्हणजे प्रवासानं दमून सगळे आडवे झाले असणार. छपरावरून पाऊस ओघळत होता. धुराड्याच्या तोंडावर दोन पारवे बसले होते, पंख फुगवून, एकमेकांना चिकटून.

ती त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतीच बघत राहिली. कोळसा एकदा फुलला की त्याचा धूर दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे धूर नव्हता याचं काही नाही. पण धुराडं तापलं की त्याच्या तोंडावर पाखरू टेकत नाही. खालून येणारी ऊब त्याला भाजते. हे पारवे तर जणू घरच्या वळचणीला बसावेत तसे बसले होते.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘पोतं काढलंत ना?’

‘किती वेळा सांगू? काढलं.’

‘त्यांनी शेगडी पेटवलीय. मग पारवे कसे बसलेत?’

मिस्तरीनं मान वर केली. खिडकीतून पाहिलं. कप त्याच्या हातात होता, तोंडाजवळ, आणि तो ना पीत होता ना खाली ठेवत होता. तिनं त्याला लग्नापासून पाहिलं होतं. चिडलेला, दारू प्यालेला, बाप गेल्यावर रडणारा, सगळा पाहिला होता. हा चेहरा तिनं त्याच्यावर कधी पाहिला नव्हता. तो कुणाचा आहे, हे मात्र तिला लगेच कळलं, कारण आरशात तोच चेहरा ती रोज बघत आली होती.

हातातलं पातेलं तसंच टाकून ती पायात जे आलं ते सरकवून बाहेर पळाली.

रस्ता केवढासा, पण तो सरेना. शेगडी पेटवून, दारं लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या तिनं किती वाचल्या होत्या, कितींना वाचून दाखवल्या होत्या. त्या वायूला वास नसतो, खोकला येत नाही, नुसती झोप येते. तिला ते सगळं पाठ होतं. एवढी भीती पाठ करून उपयोग काय झाला, असं तिच्या मनात आलं आणि ती आणखी जोरात पळाली.

दार ठोठावलं. आवाज नाही. ‘ताई! दादा! उठा!’ आवाज नाही. तिनं खिशातली किल्ली लावली, कुलूप उघडलं, दारावर खांदा मारला. दार हललं नाही. आतून अडसर घातलेला होता. सकाळी तिनंच बजावून सांगितलं होतं, नुसत्या कडीवर राहू नका. पाहुण्यांपैकी शंभरातला एक तिचं ऐकायचा, आणि आज नेमका तोच आला होता.

तिनं रस्त्याकडेचा दगड उचलला. जकातीच्या खिडकीसमोर तो धरून ती क्षणभर थबकली. काचेपायी नव्हे. काच फुटल्यावर आत काय दिसेल, त्याची तिला भीती वाटत होती. मग तिनं डोळे मिटले आणि दगड घातला.

काच फुटली तरी लोखंडी गज होते. गजांना तोंड लावून तिनं आत पाहिलं. आतली ऊब चेहऱ्यावर आली. शेगडीच्या फटीतून निखारे छान लाल दिसत होते. छोटीची आई सोफ्यावर कुशीला वळून झोपली होती, एक हात खाली लोंबत होता. बाप जमिनीवर, दार आणि सोफा यांच्या मध्ये पालथा पडला होता. म्हणजे त्याला उठायचं होतं, आणि जमलं नव्हतं. पोर कुठं दिसत नव्हती.

‘ताई!’ ती ओरडली. एरवी तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे, पण त्या हाकेनं पुलापलीकडची दुकानदारीण दुकान उघडं टाकून धावत आली. सोफ्यावरच्या बाईनं डोळे किलकिले केले. ‘ताई, दाराकडे या. रांगत या. अडसर काढा.’ ती बाई हसली. झोपेत कुणी गोड काहीतरी सांगावं तशी ती हसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मिस्तरी आला. हातात पहार होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. दाराच्या फटीत पहार घालून त्यानं टोक अडसराखाली नेलं, तिच्यावर सगळं वजन टाकलं. अडसर कुरकुरला, वर आला, पुन्हा खाली बसला. दुसऱ्या खेपेला निखळला. ‘सरक,’ तो म्हणाला आणि दारावर लाथ मारली.

बाहेरची थंड हवा आत घुसली. मिस्तरीनं बापाच्या काखेत हात घालून त्याला ओढायला सुरुवात केली. दुकानदारीण सोफ्याकडे गेली. जपूनकाकू जिन्याकडे बघत उभी होती. ऊब वर जाते. वर खिडकी बंद, पडदा ओढलेला. ‘थांब, मी जातो,’ मिस्तरी म्हणाला, पण त्याच्या हातात माणूस होता. ती श्वास छातीत कोंडून जिना चढली. मधल्या पायऱ्या तिनं हात टेकत पार केल्या.

पोर पलंगावर पडली होती, गाल गुलाबी. झोपलेल्या मुलांचे असतात त्याहून जास्त गुलाबी. मुठीत सकाळचं बटण नव्हतं, काही नव्हतं, मूठ सैल पडली होती. तिनं तिला उचललं. मुलगी ओल्या चादरीसारखी जड लागली, मान मागं कलंडली. एका हातानं मान सावरत, एका हातानं भिंत धरत ती उतरली. खाली येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. दारातून बाहेर पडल्यावर तिनं रस्त्यावरच बसकण मारली आणि पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर पाऊस पडू दिला.

‘छोटे,’ ती म्हणाली. ‘ए छोटे. जकात घ्यायचीय ना? उठ.’

दुकानदारीण फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होती. बाप शुद्धीवर येऊन ओकत होता. बाई पडल्या पडल्या ‘पोर कुठंय, पोर कुठंय’ म्हणत होती. मुलीची छाती हलत होती, पण इतकी कमी, की पुन्हा हलेपर्यंत जपूनकाकूंचा जीव टांगणीला लागायचा. अॅम्ब्युलन्स आली. मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला, आईबापांनाही आत घेतलं, दारं मिटली, गाडी गेली. पोरीनं डोळे उघडले नव्हते.

मग शांत झालं. मिस्तरीनं शेगडीतले निखारे चिमट्यानं बादलीत काढून नदीकाठी ओतले. साऱ्या खिडक्या उघडल्या. ती दाराच्या पायरीवर येऊन बसली होती, तिच्यापासून थोडं लांब तोही बसला. दोघंही भिजले होते.

‘शिडी लावली होती,’ तो म्हणाला. ‘दोन-चार पायऱ्या चढलो. पाय थरथरायला लागले. खाली उतरलो.’

तिनं ओल्या बाह्या पिळल्या.

‘गेल्या वर्षापासून होतंय. स्टुलावर चढलो तरी होतंय. खाली बघितलं की सगळं फिरतं. वाटलं, जाईल. पोतं घातलं तेही एका पोराला वर पाठवून. वाटलं, थंडी पडायच्या आत त्यालाच पाठवून काढून घेऊ. मग विसरलो. नाही, विसरलो नाही. टाळलं.’

‘मला सांगायचं.’

‘तुला कुठल्या तोंडानं सांगू? आयुष्यभर तुला हसलो.’

‘मी हसले असते का?’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण या वेळी त्यात भीती नव्हती, राग होता. ‘घाबरलेल्या माणसाला मी कधी हसलेय का? मी रोज सांगते, मला भीती वाटते. सकाळी सांगते, संध्याकाळी सांगते. गाव हसतं. मेले का मी त्यानं? तुम्हाला एकदा म्हणवलं नाही? एकदा?’

मिस्तरीनं मान खाली घातली. पारवे केव्हाचे उडून गेले होते. धुराड्याच्या तोंडातून पोत्याचं एक टोक बाहेर डोकावत होतं. खालून ते दिसत होतं, बघायचं ठरवलं तर. तिलाही दिसलं असतं. पण दुपारी त्यावर पारवे बसले होते, आणि त्याआधी तिनं कधी वर पाहिलंच नव्हतं. तो ‘काढलं’ म्हणाला होता ना.

अंधारायच्या सुमाराला तिचा फोन वाजला. नंबर मुलीच्या बापाचा होता. दोघांनी फोनकडे पाहिलं. ‘तुम्ही घ्या,’ ती म्हणाली. ‘तू घे,’ तो म्हणाला. मग तिनंच घेतला. पलीकडून बाप बोलत होता. छोटीनं डोळे उघडले होते. डोकं दुखतंय म्हणते, पाणी मागते. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस ठेवू, पण भिण्याचं कारण नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. ‘काकू, तुमचे उपकार…’ नाक ओढून त्यानं विचारलं, ‘पण झालं काय नेमकं? शेगडी बिघडली होती का?’

तिनं फोन नवऱ्यापुढे धरला. मग त्यानं हात पुसले आणि फोन घेऊन उभा राहिला.

‘शेगडी चांगली आहे, साहेब,’ तो म्हणाला. ‘धुराड्यात पोतं होतं. काढायचं काम माझं. मला वर चढायची भीती वाटली आणि काढलं असं मी घरात खोटं सांगितलं. हिला ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.’

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शब्द तिला कळत नव्हते, चढलेला सूर कळत होता. मिस्तरी मधूनमधून म्हणत होता, ‘हो.’ ‘हो, बरोबर आहे.’ ‘नाही, काही म्हणायचं नाही मला.’ तो बसला नाही, भिंतीला टेकलाही नाही. बोलणं तुटल्यावर त्यानं फोन तिच्या हातात दिला.

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले जे म्हणायचं ते. पोलिसांत जाणार आहेत. जावं त्यांनी.’ तो थांबला. ‘आता तू म्हण.’

दुपारपासून ती पुष्कळ काही म्हणायचं साठवून बसली होती. पण आतली खोली उघडी होती, अडसर जमिनीवर पडला होता, आणि नवरा तिच्यापुढं परीक्षेला आल्यासारखा उभा होता.

‘इतकी वर्षं मी तुमच्या जिवावर घाबरले हो,’ ती म्हणाली. ‘आता मी कुणाच्या जिवावर घाबरायचं?’

तिनं सरकून पायरीवर त्याला जागा करून दिली.